मॅकबेथ आणि त्याची बायको: अवीला पत्र

प्रिय अवी,

सप्रेम नमस्कार.

शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ करायला घेतलंस, झकास. पण राजा डंकनचा खून घडवणाऱ्या मॅकबेथ आणि त्याच्या बायकोत जास्त दोषी कोण, हे ठरल्याशिवाय तालमी सुरू करायच्या नाहीत असं तू लिहिलंयस, ते मला पटलं नाही. तो निवाडा प्रेक्षक करतील. एकमेकांवर जीव असलेली ही दोन माणसं इतकी लांब कशी जातात की ती गेल्याची बातमी येते तेव्हा त्याला रडूसुद्धा येत नाही, हे तुला दाखवायचंय. भांडणानं ती तुटत नाहीत. खरं काय वाटतंय ते दोघंही फक्त प्रेक्षकांना सांगतात, एकमेकांना नाही. माझ्या मते सगळ्या नाटकाची मेख इथे आहे.

अख्ख्या नाटकात ही दोघं एकांतात फक्त पाच वेळा भेटतात: पहिल्या अंकाच्या पाचव्या आणि सातव्या प्रवेशात, दुसऱ्याच्या दुसऱ्यात, तिसऱ्याच्या दुसऱ्यात आणि मेजवानी उधळल्यावर. पहिले दोन दिवस बाकी मंडळींना सुट्टी दे आणि हे पाच तुकडे सलग वाचून घे. पहिल्या भेटीत मॅकबेथला तीनच छोटी वाक्यं आहेत: डंकन आज येतोय, उद्या जाणार म्हणतोय, पुढचं नंतर बोलू. बाकी सगळं ती बोलते. शेवटच्या भेटीत बरोबर उलटं: तीन ओळी तिच्या, बाकी सगळं तो. हा उलटा प्रवास तुझ्या नटांच्या कानात बसला की निम्मं काम झालं.

आता सातवा प्रवेश. इथे हमखास चूक होते ती आरडाओरड्याची. आत राजा जेवतोय, प्रवेशाच्या सुरुवातीलाच नोकर ताटं घेऊन जाताना दिसतात. भिंतीपलीकडे पाहुणा असताना हे नवराबायको किंचाळतील कसे? दबक्या आवाजात, भराभर होऊ दे. आणि एक बारकावा बघ. स्वगतात मॅकबेथ म्हणतो की डंकन माझा नातलग, माझा राजा, माझा पाहुणा, शिवाय भला माणूस. बायको समोर आल्यावर यातलं एक अक्षर नाही! तिला तो सांगतो की राजानं नुकताच मान दिलाय, लोक वाहवा करताहेत, ती एवढ्यात कशाला घालवायची. म्हणजे तिच्यापुढे कारण येतं ते व्यवहाराचं, आणि ती उत्तर देते तेही व्यवहाराचंच: तू पुरुष आहेस की नाही. त्याच्या मनातली खरी भीती तिला कधी कळलीच नाही. तिला चेटकीण करून टाकणाऱ्या नट्या नेमकं हेच विसरतात. शिवाय बेत आधी तूच माझ्यापुढे काढलास, असं ती इथे स्पष्ट म्हणते. ती ओळ कापू नकोस, कापलीस तर सगळं पाप तिच्या एकटीच्या माथी जातं.

‘आपण हरलो तर?’ या त्याच्या प्रश्नावर तिचं उत्तर 1623च्या छापील प्रतीत प्रश्नचिन्हासह आहे. अठराव्या शतकातली गाजलेली इंग्लिश नटी सारा सिडन्स हिनं ते निरनिराळ्या तऱ्हांनी म्हणून पाहिलं आणि शेवटी सपाट सुरात, पूर्णविराम दिल्यासारखं म्हणायचं ठरवलं: हरलो तर हरलो. तुझ्या नटीला हाच सूर दे. त्यातला थंडपणा पुढच्या वाक्याला कामी येतो.

खुनानंतरचा प्रवेश तंत्राच्या दृष्टीनं सगळ्यात अवघड. तो दोन खंजीर घेऊन येतो आणि तिला ते दिसतात तीसेक ओळींनंतर. तेव्हा खंजीर हाताच्या आतल्या बाजूनं, मनगटाला टेकवून धरायचे आणि तिच्या उलट्या बाजूला उभं राहायचं. प्रेक्षकांना दिसलेच पाहिजेत. नट हात हलवत आला की तिचं ‘हे इथे का आणलेस?’ हास्यास्पद ठरतं. तो येण्याआधी ती एकटी असताना म्हणते की झोपेत डंकन माझ्या वडिलांसारखा दिसला, नाहीतर मीच उरकलं असतं. हेही तिनं नवऱ्याला कधी सांगितलेलं नाही, लक्षात ठेव.

रक्ताचं म्हणशील तर एक वाटी कॉर्न सिरप, खाण्याचा लाल रंग थोडा थोडा घालत, चिमूटभर कोको आणि दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड. लिक्विडमुळे पटकन धुऊन निघतं. आधी तळव्यांना व्हॅसलीन चोळायचं, नाहीतर रंग बोटांच्या पेरांत बसतो. लाल दिव्याखाली हे रक्त फिकं दिसतं, निळ्याखाली काळं पडतं, म्हणून प्रकाश पांढरट, कमी तीव्रतेचा ठेव. द्वारपालाचा प्रवेश फालतू म्हणून कापायचा मोह होईल. कापू नकोस. मॅकबेथला हात धुऊन, झोपायचा झगा चढवून परत यायला त्या चाळीसेक ओळीच मिळतात. विंगेत बादली, साबण, टॉवेल आणि नखं-बाह्या तपासायला एक माणूस ठेव.

त्यानंतर एक जागा आहे तिकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. मॅकबेथ सगळ्यांसमोर सांगतो की रागाच्या भरात मी पहारेकऱ्यांना मारलं. हे बेतात नव्हतं. तिला न विचारता घेतलेला हा त्याचा पहिला निर्णय, आणि त्यावर लगेच ती कोसळते. ही मूर्च्छा खरी की खोटी यावर लोकांनी पुष्कळ शाई घालवली आहे. तू फक्त एवढं कर की कोसळण्याआधी तिनं त्याच्याकडे बघितलं पाहिजे.

तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश पन्नासेक ओळींचा, त्यामुळे कातरी सगळ्यात आधी यालाच लागते. मला विचारशील तर लग्न मोडतं ते इथे. राणीला नवऱ्याला भेटायला नोकराकरवी निरोप पाठवावा लागतो! नोकर गेल्यावर ती स्वतःशी म्हणते की सगळं खर्चून हाती काही आलं नाही, असं धास्तावून जगण्यापेक्षा आपण ज्याला संपवलं तोच बरा. तो येतो आणि काही ओळींतच जवळजवळ हेच बोलतो: मेलेला डंकन सुखानं झोपलाय, त्याच्यापाशी असतो तर बरं. दोघांच्या मनात एकच. ‘माझंही तसंच होतंय रे’ एवढं तिच्या तोंडून निघालं असतं तर नाटक वेगळ्या वाटेला गेलं असतं. ती म्हणते, झालं ते झालं, पाहुण्यांसमोर हसतमुख राहा. आणि आपला जुना सोबती सरदार बँक्वो याच्या खुनाचं तो तिला ताकास तूर लागू देत नाही. लाडानं म्हणतो की तू यातून नामानिराळी राहा, काम झाल्यावर कौतुक कर. हा लाड खराच वाटला पाहिजे. खलनायकी हसू आणलंस की प्रवेश मेलाच.

मेजवानीत येणाऱ्या बँक्वोच्या भुताबद्दल तू विचारलंयस. मूळ प्रतीत ते सरळ येऊन मॅकबेथच्या जागेवर बसतं. तरी तू हे नाटक नवराबायकोचं म्हणून करणार असशील तर मी खुर्ची रिकामी ठेवीन. म्हणजे प्रेक्षकांना तिला दिसतं तेवढंच दिसेल, आणि ती पाहुण्यांना सावरताना किती एकटी आहे ते कळेल. सगळे गेल्यावर ती त्याला एका शब्दानं बोलत नाही. तुला झोप नाही, एवढंच. त्यानंतर ही दोघं आपल्याला एकत्र दिसत नाहीत.

चौथ्या अंकात ती नाहीच. पण फाइफचा सरदार मॅकडफ याच्या बायको-मुलांचा खून तिथे आहे, तो गाळलास तर पाचव्या अंकाच्या सुरुवातीला झोपेत चालताना ती ‘फाइफच्या सरदाराला बायको होती, कुठे आहे ती?’ म्हणते ते प्रेक्षकांच्या डोक्यावरून जाईल. त्या प्रवेशात मेणबत्तीचं आधी ठरव. सिडन्सच्या आधी ही भूमिका करणारी हाना प्रिचर्ड ती हातातून सोडत नसे. सिडन्सनं 1785मध्ये हात चोळायला ती खाली ठेवली, तेव्हा आधी नाट्यगृह चालवणाऱ्या शेरिडननं विरोध केला होता. ठेवूच दे, दोन्ही हात मोकळे हवेत. मात्र टेबलाची जागा पक्की कर. डोळे उघडे पण नजर शून्य अशी नटी चाचपडायला लागली की वैद्य-दासीचं कुजबुजणं विनोदी होतं. आणि ती बोलते आहे कुणाशी ते ऐक: हात धू, झगा घाल, असा पांढराफटक पडू नकोस, हात दे माझ्या हातात. जागेपणी न झालेलं बोलणं ती झोपेत नवऱ्याशी करते आहे, आणि तो लढाईच्या तयारीत.

पाचव्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात ती गेल्याची बातमी आल्यावरचं त्याचं स्वगत लोकांना पाठ असतं, म्हणून नट ते गातात. गाऊ देऊ नकोस. आतून बायकांचा आक्रोश ऐकून तो आधी म्हणतो की भीतीची चवच मी विसरलो. त्याच कोरड्या घशानं पुढचं यावं. ज्याला खुनानंतर ‘आमेन’ म्हणता आलं नव्हतं तो माणूस आता इतका निबर झालाय, आणि जिनं ‘थोड्या पाण्यानं सगळं धुऊन जाईल’ म्हटलं तिचा त्या डागापायी जीव गेला.

कातरी लावलेली संहिता पाठव, तिसऱ्या अंकापासून बघतो. मुळात हे दोन हजार शंभरेक ओळींचं नाटक, कापाकापी फारशी नकोच.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर