मनिलाला निघालेल्या मित्रास: रिझाल कसा वाचावा

पुणे, १२ नोव्हेंबर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

जानेवारीत तू मनिलाला जाणार, आणि त्याआधी होसे रिझालचं (स्पॅनिश राजवटीतला फिलिपिनो कादंबरीकार) काय वाचू, तिथं काय पाहू, असं विचारलंस. दोन ओळींत उरकावं असं हे उत्तर नाही, म्हणून सवडीनं लिहितोय.

'नोली मे तान्गेरे' ('मला शिवू नकोस') ही त्याची पहिली कादंबरी विकत घ्यायची आणि पहिल्या पानापासून सुरुवात करायची, असं सगळे करतात. तू तसं करू नकोस. पहिल्या सात प्रकरणांत पाहुणे, पाद्री, लष्करातले लोक, मेजवानी, गप्पा अशी इतकी माणसं येतात की निम्मे वाचक तिथंच पुस्तक मिटतात. तू आधी आठवं प्रकरण वाच. जेमतेम चार-पाच पानांचं आहे, नाव 'रेकुएर्दोस', म्हणजे आठवणी. सात वर्षं युरोपात राहून परतलेला नायक इबार्रा घोडागाडीतून मनिलातून चालला आहे. बोटॅनिकल गार्डनपाशी गाडी येते, आणि त्याला ती बाग नुसती बाग म्हणून दिसतच नाही. युरोपातल्या निगा राखलेल्या बागा तिच्यामागे उभ्या राहतात. रिझालनं त्याला 'एल देमोनियो दे लास कोंपारासियोनेस' म्हटलंय. तुलनेचं भूत. एकदा मानगुटीवर बसलं की उतरत नाही, आणि मग आपलं गाव पुन्हा पूर्वीसारखं दिसत नाही. राष्ट्रवादाचा अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसनला हे शब्द इतके पटले की १९९८ मध्ये आपल्या निबंधसंग्रहाचं नावच त्यानं त्यांवरून ठेवलं.

माझ्या मते रिझालचा सगळा प्रवास आणि सगळं वाचन या एका सवयीत सापडतं. 'नोली'च्या अर्पणपत्रिकेतही तेच आहे. परदेशात मायभूमीची आठवण काढली ती कधी सोबतीसाठी, कधी इतर देशांशी ताडून पाहण्यासाठी, असं तो लिहितो. आठव्या प्रकरणानंतर ती अर्पणपत्रिका वाच आणि मग पहिल्या प्रकरणाकडे जा. जवळ एक कागद ठेव. त्यावर तीन पाद्री (दामासो, सिबिला, साल्वी), घरमालक कॅप्टन तियागो, मारिया क्लारा, एलियास, सीसा आणि तिची दोन मुलं बासिलिओ आणि क्रिस्पिन, म्हातारा तासिओ एवढी नावं लिहून काढ. त्रेसष्ट प्रकरणं आणि उपसंहार आहे, पण या दहा नावांवर सगळं चालतं. बासिलिओकडे लक्ष ठेव. तो दुसऱ्या कादंबरीतही आहे.

तिसऱ्या प्रकरणातली तिनोला चुकवू नकोस. कोंबडीचा पातळ रस्सा, त्यात भोपळ्याच्या फोडी. फादर दामासोच्या ताटलीत भोपळा, रस्सा, कोंबडीची मान आणि चिवट पंख येतात. इतरांना तंगड्या आणि छातीचं मांस. त्या एका वाढण्यावरून पाद्रीबाबाचा जो पापड मोडतो, त्यात पुढची अर्धी कादंबरी आलेली आहे.

आता भाषांतर. रिझालनं दोन्ही कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये लिहिल्या, आणि आज बहुतेक फिलिपिनो त्या भाषांतरातच वाचतात. १९५६ च्या कायद्यानं (रिपब्लिक अॅक्ट १४२५) तिथं त्या अभ्यासक्रमात सक्तीच्या झाल्या. इंग्रजीत चार भाषांतरं सहज मिळतात. चार्ल्स डर्बीशरचं १९१२ चं भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आहे. भाषा जुनी, पण टाकून देण्याजोगं नाही, आणि सुरुवातीची ऐतिहासिक प्रस्तावना उपयोगी आहे. लिओन मारिया गुएर्रेरोचं १९६१ चं वाचायला सगळ्यात सोपं. तिथंच फसगत होते. त्यानं टागालोग या तिथल्या भाषेतले शब्द इंग्रजीत वळवले, मनिलातल्या पुष्कळशा रस्त्यांची, जागांची नावं गाळली, आणि रिझाल मध्येच थांबून वाचकाशी बोलतो ते बोलणंही बरंचसं काढून टाकलं. रस्तेच गेले तर हातात पुस्तक घेऊन तू मनिलात फिरणार कसा? म्हणून सोलेदाद लॅक्सन-लॉक्सिनबाईंचं घे. ते मिळालं नाही तर हॅरॉल्ड ऑगेनब्राउमचं पेंग्विनचं, २००६ चं. आणखी एक बारीक गोष्ट. शीर्षकाचे शब्द लूकच्या शुभवर्तमानातले, असं रिझालनं स्वतः पत्रात लिहून ठेवलंय. ते आहेत योहानात, विसाव्या अध्यायाच्या सतराव्या ओवीत. लूकमध्ये शोधत बसू नकोस.

त्याच्या प्रवासाच्या टिपणांना प्रवासवर्णन म्हणू नकोस. ती छापण्यासाठी लिहिलेलीच नव्हती. रोजनिशी, घरी धाडलेली पत्रं, मध्येमध्ये चित्रं, असा तो ऐवज आहे. आज आपण हातातल्या फोनवर भराभर फोटो काढतो, तशा दोन-दोन ओळी. ३ मे १८८२ ला तो मनिलाहून निघाला. 'साल्वादोरा' बोटीनं सिंगापूर, तिथून 'जेम्नाह' या फ्रेंच बोटीनं पुढे. शाळेत शिकलेली फ्रेंच बोटीवरच्या लोकांना कळेना, म्हणून वहीत चित्रं काढून काम भागवलं. सिंहलद्वीपातलं गॉल त्याला देखणं पण एकाकी आणि उदास वाटलं. दुसऱ्या दिवशी कोलंबो लागलं, ते सिंगापूर, गॉल आणि मनिला या तिघांपेक्षा सुंदर. मनिला तेव्हाच तराजूत बसलेली आहे बघ. वय वर्षं वीस, घर सोडून महिनासुद्धा झालेला नाही. एडनचा उकाडाही तो मनिलाच्या उकाड्याशीच ताडून पाहतो.

१८८८ ची अमेरिकेची टिपणं याहून कोरडी आहेत, पण नीट वाच. 'बेल्जिक' बोट २८ एप्रिलला सॅन फ्रान्सिस्कोला लागली आणि बोटीवर सहाशेच्या वर चिनी उतारू आहेत म्हणून सगळ्यांना बोटीवरच अडकवून ठेवलं. रिझालनं कारण लगेच ताडलं. निवडणुका जवळ आल्या होत्या आणि चिन्यांवर सक्ती दाखवली की मतं मिळत होती. ४ मे ला तो उतरला, ६ मे ला आगगाडीत बसला, १३ ला न्यूयॉर्कला पोचला. शिकागोत प्रत्येक चिरूटाच्या दुकानाबाहेर रेड इंडियनाचा पुतळा, एवढंच तो टिपतो. नायगारा पाहताना त्याला घराकडचा, लोस बान्योसचा धबधबा आठवतो. पुढे लंडनहून मारियानो पोन्से या फिलिपिनो मित्राला लिहिलेल्या पत्रात मात्र तो थांबून बोलतो. तिथं संधी पुष्कळ, पण काही राज्यांत काळ्या माणसाला गोऱ्या बाईशी लग्न करता येत नाही, आणि चिन्यांच्या द्वेषापायी बाकीच्या आशियाई लोकांनाही त्रास सोसावा लागतो. रोजनिशी आणि हे पत्र लागोपाठ वाच. एकट्या रोजनिशीवरून तो वरवर पाहणारा माणूस वाटतो.

हायडेलबर्ग, लाइपझिग, लाइटमेरित्स या युरोपातल्या मुक्कामांवर फार रेंगाळू नकोस. बर्लिनची एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. मार्च १८८७ मध्ये 'नोली'च्या २००० प्रती छापायला ३०० पेसो लागले. ते मित्र मॅक्सिमो व्हियोला यानं दिले. पैसे कमी म्हणून रिझालनं एलियास आणि सालोमेचं अख्खं प्रकरण काढून टाकलं. बऱ्याच आवृत्त्यांत ते शेवटी परिशिष्टात असतं. तुझ्या प्रतीत आहे का ते विकत घेण्याआधीच पाहून घे.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला बसलो, ते लंडन. १८८८ च्या मे अखेरीस तो तिथं पोचला आणि प्रिमरोझ हिलजवळ ३७, चॅलकॉट क्रेसेंट इथं राहिला. घरावर आज निळी पाटी आहे. तिथून ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात. ओळख करून दिली रायनहोल्ड रोस्ट यांनी. संस्कृतचे जाणकार आणि इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल. आपल्याकडच्या पोथ्या सांभाळणारा माणूस फिलिपिनो लेखकाला म्युझियमचं दार उघडून देतो, हे मला फार मोलाचं वाटतं. तिथं रिझालला अंतोनियो दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याचं १६०९ मध्ये मेक्सिकोत छापलेलं फिलिपिन्सच्या घडामोडींचं पुस्तक मिळालं. ते त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत हातानं उतरवून घेतलं. आपल्याकडे दहा वर्षांनी, १८९८ मध्ये, राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला. तीच तळमळ, जुनी कागदपत्रं वाचून आपला भूतकाळ दुसऱ्याच्या हातून सोडवून घ्यायची.

रिझालनं नुसती नक्कल केली नाही. पानोपानी टिपा दिल्या आणि १८८९ च्या अखेरीस पॅरिसच्या गार्निएर बंधूंकडून पुस्तक काढलं (आतल्या पानावर वर्ष १८९०). अविनाश, त्या टिपा ही त्याची सगळ्यात चांगली प्रवासी पानं आहेत, आणि तीच कुणी वाचत नाही. एकच सांगतो. इथल्या लोकांना मासा कुजायला लागला की आवडतो, असं मोर्गा लिहितो. रिझालची टीप म्हणते, ते बागूंग आहे, चाखून पाहिलेल्याला ठाऊक असतं की ते कुजलेलं नसतं. आणि मग तुलना सुरू होते. स्पॅनिश माणसाला गोगलगाय खाताना पाहून इंग्रजाला शिसारी येते, इंग्रजाचं अर्धकच्चं बीफस्टेक स्पॅनिश माणसाला बघवत नाही, आणि शार्क मासा खाणाऱ्या चिन्याला रोकफोर चीज सोसत नाही. बागूंग म्हणजे बारीक मासळी किंवा कोळंबी मीठ घालून मुरवलेली. आपल्याकडे सुकट-जवळ्याच्या वासावर नाक मुरडणारे कमी नाहीत, त्यामुळे ही टीप कोकणातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

सावधही राहा. या टिपा तटस्थ नाहीत. स्पॅनिश येण्याआधी आपल्याकडे सगळं होतं हे दाखवण्याचा त्यांत आग्रह आहे आणि तो काही ठिकाणी पुराव्यापुढे धावतो. जुन्या माणसांना आजच्या मापानं मोजणं बरं नाही, हे त्याचा जिवलग मित्र ब्लुमेनट्रिट यानं त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलं, आणि रिझालनं ते तसंच छापलं. मोर्गाचा इंग्रजी मजकूर ब्लेअर आणि रॉबर्टसन यांच्या फिलिपिन्सच्या इतिहासाच्या साधनांच्या मालेच्या पंधराव्या-सोळाव्या खंडांत आहे. तोही गुटेनबर्गवर फुकट, आणि रिझालच्या बऱ्याचशा टिपा तळाशी दिलेल्या आहेत. रात्री दहा-बारा पानं, त्याहून जास्त नको. टिपा झरझर वाचल्या की नुसती भांडणं वाटतात.

'एल फिलिबुस्तेरिस्मो' ही दुसरी कादंबरी विमानासाठी ठेव. १८९१ मध्ये बेल्जियममधल्या गेंटला छापली, कारण तिथं छपाई स्वस्त होती. तरी पैसे मध्येच संपले आणि मित्र व्हॅलेंतिन व्हेंतुरानं पाठवले तेव्हा कुठं पुरी झाली. पहिलंच प्रकरण पासिग नदीतून लागुनाकडे जाणाऱ्या 'ताबो' नावाच्या बोटीवर घडतं. ताबो म्हणजे करवंटीचं पाणी काढायचं भांडं, बोटीचा आकार तसाच बोजड. वरच्या डेकवर गोरे, खाली देशी माणसं आणि सामान. जवाहिऱ्या सिमून कोण, हे आधीच कुणाला विचारू नकोस आणि पाठीमागचा मजकूरही वाचू नकोस.

मनिलातला एक दिवस असा आख. सोमवार टाळ, संग्रहालयं बहुतेक बंद असतात. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, इंत्रामुरोस या जुन्या तटबंदीच्या शहरातल्या फोर्ट सांतियागोला जा. रिझालच्या शेवटच्या दिवसांचं संग्रहालय तिथंच आहे, आणि कोठडीपासून निघालेली धातूची पावलं जमिनीत बसवली आहेत. १९४५ च्या लढाईत हा भाग बेचिराख झाला होता, तेव्हा बरंचसं बांधकाम नंतरचं आहे हे धरून चाल. तिथून बाहेर पडून मेहान गार्डनला जा, सिटी हॉलजवळ. हीच ती बोटॅनिकल गार्डन, १८५८ मध्ये स्थापन झालेली. आज तिच्यावर बांधकामांचं अतिक्रमण झालंय, शोभा काही उरलेली नाही. तरी सावलीची जागा बघून बस आणि आठवं प्रकरण तिथं पुन्हा वाच. आरोसेरोसच्या तंबाखूच्या कारखान्याचा वास, पूल, समुद्राकडे पाहत 'पलीकडे युरोप' असं म्हणणं, हे सगळं त्या परिसरातलं आहे. गाडी बागुंबायानच्या मैदानाशी येते तेव्हा इबार्राला त्याचे म्हातारे पाद्री गुरुजी आठवतात.

ते मैदान म्हणजे आजचं लुनेता, रिझाल पार्क. गोमेस, बुर्गोस आणि सामोरा या तीन पाद्र्यांना १८७२ मध्ये तिथंच गळफासाच्या यंत्रानं मारलं. दुसरी कादंबरी रिझालनं त्यांनाच अर्पण केली, आणि ३० डिसेंबर १८९६ ला स्पॅनिश सरकारनं त्यालाही तिथंच गोळ्या घातल्या. किसलिंग या स्विस शिल्पकाराचं स्मारक १९१३ चं. अंगात ओव्हरकोट, हातात पुस्तक, आणि खाली त्याच्या अस्थी. लोक तीच वधाची जागा समजून परततात. ती वेगळी आहे, थोडी उत्तरेला, पुतळ्यांचा देखावा उभारलाय तिथं. संध्याकाळी पाको पार्क, म्हणजे जुनं कबरस्तान. आधी त्याला तिथं पुरलं होतं, निनावी. दगडावर फक्त आर.पी.जे. ही होसे प्रोतासिओ रिझालची उलटी आद्याक्षरं.

कालांबा या त्याच्या जन्मगावाला अर्धा दिवस पुरे, मनिलापासून साधारण पन्नास किलोमीटर. घर मूळचं नाही, वास्तुविशारद हुआन नाकपिलनं १९५० मध्ये पुन्हा उभारलेलं, त्यासाठी शाळेतल्या मुलांनीही वर्गणी दिली होती. रंग हिरवा दिसला तर चकित होऊ नकोस. रिझाल हे नाव हिरव्या शेताच्या स्पॅनिश शब्दावरून आलं म्हणून २००९ मध्ये तो दिला, आणि त्यावरून बरीच ओरड झाली. दापितान, जिथं त्याला हद्दपार करून ठेवलं होतं, ते यात बसवू नकोस. त्यासाठी दिपोलोगपर्यंत वेगळं विमान आणि निदान दोन दिवस हवेत.

पेन्सिल आणि छोटी वही बरोबर असू दे. आणि परत येताना लॉक्सिनबाईंच्या भाषांतराची एक प्रत माझ्यासाठी आण, ज्यात एलियास-सालोमेचं प्रकरण आहे अशीच.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर