बाई, तुमच्यामुळे ग्रेस यांचं गद्य वाचता आलं

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

कवी ग्रेस यांचं ‘वाऱ्याने हलते रान’ वाचून झालं. तुम्ही नसता तर ते अर्ध्यातच कपाटात गेलं असतं, म्हणून हे पत्र.

त्यांची ‘ती गेली तेव्हा रिमझिम’ हृदयनाथ मंगेशकरांच्या आवाजात ऐकत मी वाढले. मार्च २०१२ मध्ये ग्रेस गेले तेव्हाही माझ्या आसपास सगळ्यांना गाणीच आठवली. पण साहित्य अकादमीचा २०११ चा पुरस्कार त्यांना मिळाला तो याच पुस्तकातल्या ललितलेखांसाठी. कवितेपेक्षा गद्य सोपं जाईल असं वाटलं होतं. तिथे तर पानोपानी धागा सुटायचा. आई, संध्याकाळ, ख्रिस्त, आणि एकातून दुसऱ्यात जायला वाटच नाही.

तुम्ही अर्थ सांगायला बसला नाहीत, याचे सगळ्यात जास्त आभार. मोठ्यानं वाच म्हणालात. एका बैठकीत एकच लेख, आणि आवडेल तिथे रेघ मार, चीड येईल तिथेही मार. सोबत दुर्गाबाई भागवतांचं, महिन्यामहिन्यानं निसर्ग टिपणारं ‘ऋतुचक्र’ दिलंत. तेही गद्य कवितेच्या अंगानं जातं, पण चैत्रानंतर वैशाख येतोच. झाडाचं नाव, फुलाचा रंग हाताशी असतो. ग्रेस असा कुठलाच आधार देत नाहीत. मग एकेका वाक्याला केवळ आपल्या लयीवर उभं राहावं लागतं. काही राहतात, आणि अशी की मोठ्यानं वाचताना माझा आवाज बदलायचा. काही मात्र नुसतीच घुमतात.

माझी तक्रार अजून आहेच, बाई. कधी कधी दुःख इतकं सजवलेलं असतं की ते कुणाचं, हेच दिसेनासं होतं. अशा वेळी मला साधं, सरळ सांगणारं कुणीतरी हवंसं वाटतं. हे तुम्हाला फोनवर बोलले तेव्हा वाटलं, रागवाल. तुम्ही म्हणालात, “तेही लिहून ठेव.” ग्रेस यांच्याबद्दल भक्तीनं बोलणारे भेटतात, दुर्बोध म्हणून हात झटकणारेही भेटतात. दोन्ही वाटत असतानाही वाचत राहायची मुभा मला फक्त तुम्ही दिलीत. शाळेतही तुम्ही अशाच होतात. धड्याखालचे प्रश्न शेवटी, आधी धडा.

आता ग्रेस यांचंच ‘चर्चबेल’ घेतलंय. दिवाळीत येईन तेव्हा दोन्ही पुस्तकं रेघांसकट घेऊन येते. एक अख्खी दुपार माझ्यासाठी मोकळी ठेवा.

तुमची विद्यार्थिनी