मोहाखालच्या तीन दगडांच्या चुलीबद्दल वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर जोहार.

साहेब, मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलाला लागून असलेल्या एका गावचा शेतकरी. सव्वा तीन एकर धानाचं वावर आहे, तेही कोरडवाहू. मार्च-एप्रिलात आम्ही नवरा-बायको मोहफूल वेचतो, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडतो. आपला वेळ मोलाचा आहे हे जाणतो, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. पण गेल्या रविवारी पहाटे जे झालं, ते थोडक्यात लिहिता येत नाही.

मोहाची फुलं रात्री सुटतात आणि उजाडेपर्यंत गळत राहतात. ऊन चढलं की ती सुकतात, ढोरं खातात, हरणं खातात. म्हणून आम्ही पहाटे तीन-साडेतीनला घर सोडतो. त्या दिवशीही तसेच गेलो. झाडाखाली पोहोचल्यावर बायकोनं खराट्यानं हात-दीड हात जागा मातीपर्यंत झाडली, तीन दगड मांडले, बाजूला पाच लिटरची पाण्याची कॅन ठेवली आणि चहापुरता विस्तव केला. चहा हे एक कारण. दुसरं कारण अस्वल. अस्वलाला मोहफूल आमच्याइतकंच आवडतं आणि ते आमच्याच वेळेला येतं. मागच्या वर्षी शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्याची अर्धी कवटी त्यानं सोलून काढली. अंधारात समोर विस्तव असला की जनावर लांबून जातं, हे आमच्या आजोबांपासून चालत आलेलं शहाणपण आहे.

साडेचारच्या सुमारास दोन मोटारसायकली आल्या. वनरक्षक आणि त्याच्यासोबत तिघं. काही विचारण्याआधी पायानं चूल उधळली. निखारे पाल्यात उडाले, ते मी आणि बायकोनं हातानं आणि पाण्यानं विझवले. हे पुन्हा लिहितो, साहेब: आग लागू नये म्हणून आलेल्या माणसानं निखारे वाळल्या पाल्यात उडवले आणि ज्यांच्यावर गुन्हा नोंदवला त्यांनी ते विझवले. बायको हात जोडून म्हणत होती, "साहेब, इस्तो इझवला जी आमी, पन टोपली नका नेऊ." दोन टोपल्या नेल्या. कुऱ्हाड नेली. पाण्याची कॅनसुद्धा नेली. मला सांगितलं की २,००० रुपये भरून तडजोड कर, नाहीतर प्रकरण कोर्टात जाईल. गेल्या हंगामात आमचं मोहफूल सुकून १ क्विंटल ७० किलो भरलं होतं आणि व्यापाऱ्यानं किलोला ३५ रुपये दिले. म्हणजे दोघांच्या महिनाभराच्या पहाटांचे ५,९५० रुपये. त्यातले दोन हजार एका चहाचे.

बंदी मला ठाऊक नव्हती असं मी म्हणणार नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कागद लागला होता: १५ फेब्रुवारी ते १५ जून आगीचा हंगाम, जंगलात विस्तव नेणे, पेटवणे, बिडी-सिगारेट ओढणे यांना मनाई. मी स्वतः तो वाचून चौघांना समजावून सांगितला. आणि मी बंदीच्या विरोधात नाही. आमचं जंगल पानगळीचं आहे. साग, ऐन, धावडा, तेंदू, सगळे फेब्रुवारीपासून पानं टाकतात. मार्चमध्ये पाय ठेवला तर पापड मोडल्यासारखा आवाज येतो. एक ठिणगी पुरते. वणवा झाडाच्या शेंड्याला पोहोचत नाही, जमिनीवरून सरपटत जातो, म्हणून लांबून बघणाऱ्याला काही झालं नाही असं वाटतं. पण त्यात बी जळतं, कोवळी रोपं जळतात, तितराची अंडी जळतात, आणि पहिल्या पावसात उघडी माती नाल्यानं वाहून जाते. हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलेलं नाही. मी ते पन्नास वर्षं पाहतो आहे.

आणि खरं तेही कबूल करतो. आगी आपोआप लागत नाहीत, माणूस लावतो, आणि त्यात आमची माणसं होती. मोहाखालचा पाला जाळला की काळ्या जमिनीवर पिवळं फूल ठळक दिसतं, वेचायला सोपं जातं. तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणून ठेकेदाराची माणसं बुडाला आग लावायची, हेही पाहिलं आहे. आमच्या गावानं तीन वर्षांपूर्वी ग्रामसभा घेऊन मोहाखाली पाला जाळणं बंद केलं. आता खराट्यानं झाडतो. एका झाडाला तास-दीड तास लागतो, कंबर धरते, पण झाडतो. बायांनीच हा ठराव पुढे रेटला होता. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं तर तेंदूपत्त्याचं उत्पन्नच सोडून दिलं, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात आणि आगी लागतात. जंगल कसं राखायचं हे कळणारी गावं या भागात आहेत, साहेब. त्यांच्याकडे कुणी पाहत नाही.

जानेवारीत आमच्या गावात बैठक झाली होती. जीपमधून एक मोठे अधिकारी आले, शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली. त्यांनी आम्हाला शब्द दिला. मोहाखाली अंथरायला जाळ्या देऊ, म्हणजे झाडायचीही गरज नाही. वेचणाऱ्यांसाठी पाणवठ्याजवळ चुलीच्या जागा आखून देऊ, तिथं चहा-भात करा, कुणी हटकणार नाही. गावातली आठ पोरं हंगामी मजूर म्हणून आग राखायला घेऊ. आम्ही टाळ्या वाजवल्या. फोटोही निघाला. आज मोहाचा हंगाम निम्मा सरत आला आहे. जाळी एक नाही. चुलीच्या जागा आखल्या नाहीत. आठपैकी तीन पोरं घेतली आणि त्यांची फेब्रुवारीची मजुरी अजून झालेली नाही. चुलीची जागा आखून दिली असती तर रविवारी आम्ही तिथंच चहा केला असता. शब्द त्यांनी मोडला, दंड मला.

आता जे लिहितो ते लिहिताना हात थरथरतो.

आमच्या गावापासून दीड किलोमीटरवर, जंगलाच्या अगदी कडेला, एक रिसॉर्ट आहे. वाघ बघायला येणारे पाहुणे तिथं उतरतात. दर शनिवारी रात्री तिथं शेकोटी पेटते. चहाची चूल नाही, पुरुषभर उंच ज्वाळा, भोवती खुर्च्या, लाउडस्पीकर. माझा पोट्टा तिथं भांडी घासायला जातो, म्हणून मला लाकडाचा हिशेबही ठाऊक आहे: एका रात्रीत बैलबंडीभर. थंडीत शेकोटी करा, माझं काही म्हणणं नाही. पण हे मार्चमध्ये चालतं, दुपारी पारा चाळिशीकडे सरकत असताना. ज्या रविवारी पहाटे माझी चूल उधळली, त्याच्या आदल्या रात्री साडेअकरापर्यंत तिथं शेकोटी चालू होती. उंबऱ्यावर उभं राहिलं की तिचा उजेड दिसत होता. जागा खासगी आहे, राखीव वनात येत नाही, असं मला सांगण्यात आलं. वाऱ्यावर उडणारी ठिणगी सातबारा बघत नाही, साहेब. त्या कुंपणापासून पहिलं सागाचं झाड वीस पावलांवर आहे.

मागच्या एप्रिलात त्याच बाजूनं वणवा आला. शेकोटीतूनच आला असं मी म्हणत नाही, मी पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेल्याची साक्ष मी देत नाही. पण विझवायला कोण गेलं ते मी पाहिलं. आमचं गाव गेलं. दुपारी दोन वाजता, त्या उन्हात, हातात पळसाच्या ओल्या डहाळ्या. खात्याची दोन ब्लोअर मशीन होती, त्यातलं एक पेट्रोल संपल्यानं बंद पडलं. पुढे जाऊन पाला झाडून पट्टा काढायचा, मग आगीला आडवं व्हायचं, असं रात्री नऊपर्यंत चाललं. माझ्या मेव्हण्याचा डावा पाय पोटरीपर्यंत भाजला. आम्ही प्लास्टिकच्या चपलांवर गेलो होतो, ती चपल वितळून कातडीला चिकटली. दवाखान्यात ती कातडीसकट काढली. अकरा दिवस तो पडून होता, धानाचा बोनस त्यातच गेला. अर्ज केला, तर उत्तर आलं की तो खात्याच्या हजेरीपटावर नव्हता, म्हणून काही देता येत नाही. आजही तो लंगडतो. पावसाळ्यात रोवणीच्या चिखलात त्याचा पाय टिकत नाही, म्हणून यंदा त्याच्या घरची बाई दुसऱ्याच्या वावरात रोजीनं जाईल.

मी कायदा वाचला आहे. आमच्या गावचा एक पोट्टा वकिली शिकतो, त्यानं मोबाइलवर दाखवला. भारतीय वन अधिनियम १९२७, इंग्रजांचा. कलम २६ सांगतं की राखीव वनात मनाईच्या काळात विस्तव पेटवणं, बाळगणं, नेणं गुन्हा आहे. त्याच कायद्याचं कलम ७९ सांगतं की वनात हक्क असलेल्या माणसानं आग दिसली की ती विझवलीच पाहिजे. म्हणजे विझवणं आमचं कायदेशीर कर्तव्य. मग विझवताना भाजलो तर आम्ही कोण? कर्तव्याच्या वेळी गावकरी आणि भरपाईच्या वेळी परके, असं का?

२००६ चा वनहक्क कायदाही वाचला. गौण वनउपजावर, म्हणजे मोहफूल, तेंदूपत्ता अशा उपजावर, आमची मालकी मान्य केली आहे, ते गोळा करायला जंगलात जाण्याचा हक्क दिला आहे, आणि जंगल, वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. मग आग केव्हा, कुठं, किती पेटेल हे ठरवताना ग्रामसभेला का विचारलं जात नाही? भिंतीवर कागद चिकटवणं म्हणजे विचारणं नव्हे. तीन वर्षं पाला न जाळणाऱ्या गावाला आणि कालपरवा आलेल्या प्रवाशाला एकच कागद, आणि त्यातही पकडला जातो तो गावकरी.

बैठकीत आम्हाला सांगितलं होतं की आता उपग्रह आग बघतो, डेहराडूनहून थेट मोबाइलवर संदेश येतो. चांगली गोष्ट आहे. त्या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटरचा असतो, म्हणजे त्यातली नेमकी जागा कळत नाही, असंही समजलं. आग दिसल्यावर तिथं पोहोचायला मात्र माणूसच लागतो, आणि बीटवर, म्हणजे वनरक्षकाच्या नेमून दिलेल्या हद्दीत, एक वनरक्षक आणि दोन मजूर असतील तर संदेश येऊनही जंगल जळतं. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडं लावण्याचं लक्ष्य होतं. आमच्या गावच्या रोपवनात मीही खड्डे खणले, रोजीनं. दुसऱ्याच उन्हाळ्यात ते रोपवन जळालं, कारण राखायला माणूस नव्हता. आता तिथं पाटी उभी आहे आणि कुसळी गवत.

गेल्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्यात जंगलात जाणं म्हणजे काय झालं आहे हे आपल्याला सांगायला नको. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या बातमीनंतरही आमच्या गावच्या बाया दुसऱ्या दिवशी पत्त्याला गेल्या, कारण पत्त्याचा हंगाम पंधरा-वीस दिवसांचाच असतो. माणूस मेल्यावर सरकार २५ लाख देतं. जिवंत असताना त्याच्यासमोर चार काड्यांचा विस्तव असू देत नाही. आणि याच जिल्ह्यात २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र रात्रंदिवस कोळसा जाळतं, खाणींसाठी जंगल वळतं केलं जातं, त्याची परवानगी मिळते. परवानगी मिळवायला ज्याच्याकडे कागद आणि वकील आहे, त्याच्या आगीला नाव विकास. आमच्या आगीला नाव गुन्हा. हे मी रागानं लिहितो आहे, आणि राग लपवत नाही.

माझं मागणं फार नाही. चुलीच्या जागा आखून द्या, झाडलेल्या, खड्डा केलेल्या, पाण्याजवळच्या. बाहेर पेटवली तर मला खुशाल दंड करा. जंगलाच्या हद्दीपासून ठरावीक अंतरात, जागा खासगी असो की सरकारी, १५ जूनपर्यंत करमणुकीची शेकोटी बंद करा आणि तो आदेश आमच्या भिंतीवर लावला तसा त्या रिसॉर्टच्या फाटकावरही लावा. विझवायला येणाऱ्या प्रत्येक गावकऱ्याचं नाव त्याच दिवशी हजेरीपटावर चढू द्या आणि त्याला बूट द्या. माझ्या मेव्हण्याचा अर्ज पुन्हा उघडा. आठ पोरांचा शब्द पाळा. जाळ्या यंदा आल्या नाहीत तर पुढच्या फेब्रुवारीच्या आधी येऊ द्या, हंगाम संपल्यावर गोदामात पडायला नकोत. आणि आमच्या टोपल्या परत द्या. त्या बायकोच्या माहेरच्या आहेत, तिच्या बापानं विणलेल्या. तो आता नाही.

येत्या सोमवारी मला जबाबाला बोलावलं आहे. एसटीनं जाऊन-येऊन दिवस जाईल, त्या दिवशीची फुलं हरणं खातील. २,००० रुपये मी भरणार नाही. चूल पेटवली होती, जागा झाडली होती, पाणी जवळ होतं आणि निखारे कुणी उडवले, हे सगळं मी जबाबात लिहून देणार आहे. बायकोही सोबत येते आहे. तिचाही जबाब घ्यावा, असा अर्ज मी आजच लिहून ठेवला आहे.

आपला,
मोहफूल वेचणारा एक शेतकरी,
जिल्हा चंद्रपूर