तंबूवर नुसतं 'वॉटरप्रूफ' नको, आकडा छापा

संपादक महोदय,

तंबूवर 'वॉटरप्रूफ' एवढाच शब्द छापून विकतात, याची मला चीड येते. कापड न गळता किती मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब सोसतं, तो आकडा द्यायलाच हवा. वरच्या आच्छादनाला साधारण २००० ते ३००० मिमी पुरतात. तळाला जास्त हवेत, कारण तिथे आपलं वजन पडतं. शिलाईवर पाणी अडवणारी टेप नसेल तर आकडाही फोल.

मी मुलांना डोंगरात नेते, म्हणून कळकळीने सांगते: पैसे मोजकेच असतील तर बाहेरचं आवरण जमिनीलगत येणारा, आत-बाहेर दोन वेगळ्या थरांचा साधा तंबू घ्या. काठ्या शक्यतो अ‍ॅल्युमिनियमच्या. फायबरग्लासच्या जोरदार वाऱ्यात चिरतात. हवेची झडप उघडी ठेवा, नाहीतर श्वासाची वाफच आतून ठिबकते. विक्रेत्यांनी एक तरी तंबू उभारून दाखवावा, ही विनंती.

– एक गिर्यारोहण प्रशिक्षिका