‘अर्थशास्त्राचेही’ अभ्यासक?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या जयंती पुरवणीतील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावरील मुख्य लेख मी दोनदा वाचला. संविधानाला त्यात पाऊण पान मिळाले, ते योग्यच आहे. पण ज्या विषयात त्यांनी कोलंबियात आणि लंडनमध्ये पदव्या मिळवल्या, जो त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात शिकवला, तो ‘ते अर्थशास्त्राचेही अभ्यासक होते’ एवढ्या एका वाक्यात आटोपावा, हे मनाला लागले. त्या वाक्यातला ‘ही’ माझ्या फार जुन्या ओळखीचा आहे.

१९८३ साली एम.ए.च्या तोंडी परीक्षेत मला भारतीय चलनाच्या इतिहासावर बोलायला सांगितले होते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सने उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीपासून (देशात रुपया चालवायचा आणि परदेशी देण्यांसाठी तो ठरावीक दराने सोन्याशी जोडायचा) मी सुरुवात केली आणि त्या पद्धतीचे वाभाडे काढणारा ग्रंथ म्हणून १९२३च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’चे नाव घेतले. लेखकाचे नाव ऐकताच बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हातातले पेन टेबलावर ठेवले. ‘अहो, ते घटनेचे. तुम्ही अर्थशास्त्रज्ञाचे नाव सांगा.’ लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्सी.साठी लिहिलेल्या प्रबंधाचाच हा ग्रंथ, प्रा. एडविन कॅनन यांची त्याला प्रस्तावना, चलन किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये हा त्यातला मुद्दा, सगळे मला पाठ होते. पण तोंडातून शब्द फुटला नाही. गुण गेले त्याचे काही नाही. मी गप्प बसलो, हे मात्र आजही सलते, आणि म्हणूनच पुढे तीस वर्षे शिकवताना चलनाचा धडा मी त्याच ग्रंथापासून सुरू करत आलो.

मंत्री आंबेडकरही या अर्थशास्त्रज्ञाला वगळून समजत नाहीत. शेतीचे तुकडे नुसते जोडून भागणार नाही, जमिनीवरचा माणसांचा भार उद्योगांनी उचलला पाहिजे, असे त्यांनी १९१८ सालीच लिहिले होते. उद्योगांना वीज हवी आणि विजेसाठी पाणी अडवायला हवे. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते हाती आल्यावर त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेत एवढे लक्ष का घातले, ते यावरून कळते. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ची दुरुस्तीही त्याच खात्याची. लेखात यातले काहीच नाही.

त्याच पानावरील चौकटीत त्यांना ‘रिझर्व्ह बँकेचे संस्थापक’ म्हटले आहे, तेही बरोबर नाही. भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, आयोगाने १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि बँक १९३५ साली सुरू झाली. त्यांच्या साक्षीचा मुख्य विषय रुपयाची चलनपद्धती आणि त्याचा विनिमय दर हा होता. आकड्यांची आणि पुराव्यांची एवढी काळजी घेणाऱ्या विद्वानाबद्दल लिहिताना लेखात हात आखडावा आणि चौकटीत सैल सोडावा, हे दोन्ही मला सारखेच खटकते.

चौकटीतील चूक कृपया उद्याच्या अंकात दुरुस्त करावी. त्या ग्रंथाचा मुद्दा दहावीच्या विद्यार्थ्यालाही कळेल अशा मराठीत मी विनामोबदला लिहून देईन. आपण जागा तेवढी द्यावी.

आपला,
एक निवृत्त अर्थशास्त्र शिक्षक, सातारा