बारीक कण आणि फवारणारी माणसं : लेकीला पत्र

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

सरांनी प्रबंधासाठी तुझ्यापुढे दोन विषय ठेवलेत, एक पाण्याचा आणि दुसरा नॅनो-कीटकनाशकाचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांतून द्यायच्या औषधाचा, आणि तुझा ओढा दुसऱ्याकडे आहे, हे फोनवर कळलं. औषध कमी लागेल, फवारण्या कमी होतील, हे ऐकून तुझे बाबा फार खूश झाले. मीही झाले. पण तेव्हा घरात माणसं बसलेली होती, मनातलं सगळं बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

तू सांगितलेला हिशेब मी सातवीच्या वर्गात फळ्यावर मांडला. एक सेंटिमीटर बाजूचा घन, सगळ्या बाजू मिळून पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच एकेक नॅनोमीटरचे, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाएवढ्या बाजूचे तुकडे केले तर ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दीड एकर. पोरं ओरडली, "मॅडम, आमच्या वावराएवढा!" पदार्थ तोच, वजन तेच, पण हवेला, पाण्याला, रक्ताला भिडणारी जागा इतकी वाढली की त्याचं वागणंच बदलतं. गुण यातूनच येतो आणि धोकाही यातूनच.

गुण मी नाकारत नाही. २००९ मध्ये टाटांनी धानाच्या तुसाची राख आणि चांदीचे नॅनोकण वापरून विजेशिवाय चालणारं पाण्याचं फिल्टर काढलं. भंडारा-गोंदियाकडे तुसाचे ढीग पाहिलेल्या माणसाला यात किती आनंद वाटतो, ते तुला कळेल. २०२१ मध्ये कोरोनानंतर काळी बुरशी आली, तेव्हा अँफोटेरिसिन हे औषध चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत भरून दिल्यामुळे मूत्रपिंडाला होणारा त्रास कमी झाला. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत तर आपल्या कापसापासून नॅनोसेल्युलोज, म्हणजे कापसाचेच अतिसूक्ष्म तंतू, बनतात.

एरिक ड्रेक्सलर या अमेरिकी अभियंत्यानं १९८६ मध्ये स्वतःसारखीच यंत्रं घडवत सुटणाऱ्या सूक्ष्म यंत्रांची भीती मांडली होती. मला तसली भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती पाठीवरच्या फवारा पंपाची.

२०१७ चा पावसाळा आठव. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. माणूस ओळीत शिरला की फवारा थेट तोंडावर यायचा. बारीक तुषार उडवणारे नवे पंप आले होते, दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती, हवा पडलेली होती. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक जणांचा जीव गेला, शेकडो दवाखान्यात पडले. आपल्या शेजारचा गडी ओट्यावर बसून म्हणत होता, "बाई, डोयात आग होऊन राहिली, काईच दिसत नाई." कोणतं औषध फवारलं, हे त्याला सांगता येईना. मालकानं कालवून दिलं, यानं पंप पाठीवर घेतला. मरणारे बहुतेक असेच होते, वावर दुसऱ्याचं आणि मजुरी दिवसाची.

म्हणून तुला एक विचारते. तू म्हणतेस, औषध सूक्ष्म कुपीत बंद असेल आणि पानावर हळूहळू सुटेल. मग श्वासातून आत गेलेली कुपीही हळूहळूच सुटेल ना? २०१७ मध्ये निदान त्याच संध्याकाळी कळत होतं की विषबाधा झाली आहे. महिन्यांनी त्रास सुरू झाला तर डॉक्टरला कारण कोण सांगणार? काही नॅनोकण फुप्फुसातून रक्तात उतरतात, हे तर तूच मला वाचायला दिलेल्या लेखात होतं. लांब सुईसारख्या कार्बन नॅनोट्यूबनं, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांनी, उंदरांच्या पोटात कर्करोग करणाऱ्या ॲस्बेस्टॉससारखी इजा केल्याचा प्रयोग २००८ मध्ये छापून आला. खाण्याच्या पदार्थांना पांढरेपणा आणणारं टायटॅनियम डायऑक्साइड युरोपनं २०२२ मध्ये बंद केलं, तेही अनेक वर्षं लोकांच्या पोटात गेल्यावर.

नॅनो युरियाचंही पाहा. २०२१ मध्ये पानांवर फवारायच्या या खताची अर्ध्या लिटरची बाटली आली आणि ती साध्या युरियाच्या ४५ किलोच्या गोणीच्या जागी चालेल, असं सांगितलं गेलं. बाबांनी पाटीवर हिशेब केला. बाटलीत ४ टक्के नायट्रोजन म्हणजे २० ग्रॅम, गोणीत ४६ टक्के म्हणजे २० किलोच्या वर. पानातून घेतल्यानं वाया जात नाही हे मान्य, पण हजारपट फरक कशानं भरून निघणार? पुढे पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगांत गहू आणि भाताचं उत्पन्न घटलेलं दिसलं. नंतर बाटलीतलं प्रमाण वाढवलं गेलं. ही तपासणी विक्रीच्या आधी व्हायला हवी होती. आपल्याकडे तर एका कृषी केंद्रात युरियाच्या गोणीसोबत बाटली घ्यावीच लागत होती, त्याचा मला अजून राग आहे.

आणि बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं वाण. २००२ मध्ये आला, सुरुवातीला बोंडअळीच्या फवारण्या खरंच कमी झाल्या. पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची, कडेनं पेरायला, म्हणजे अळी बीटीला सरावणार नाही. ती पुडी कशासाठी, हे गावात कोणी समजावून सांगितलं नाही. लोकांनी बांधावर फेकली. पुढे बीटीला सरावलेल्या गुलाबी बोंडअळीनं पिकाचं काय केलं, ते तू पाहिलंच आहेस.

तरीही माझं मत विचारशील तर तू कीटकनाशकाचाच विषय घे. पाण्याच्या विषयावर काम करणारे पुष्कळ मिळतील. फवारणाऱ्याचं अंग, त्याचा फाटका सदरा, तोंडाला बांधलेला दुपट्टा ठाऊक असलेली मुलगी त्या प्रयोगशाळेत तू एकटीच असशील. मात्र अळी किती मेली, एवढंच मोजून प्रबंध पुरा करू नकोस. कण श्वासात किती जातो, कपड्यात किती राहतो, मातीतल्या जिवाणूंचं काय होतं, हे पहिल्याच आराखड्यात लिही. सर म्हणतील, हे दुसऱ्या विभागाचं काम. तर त्या विभागातलं माणूस शोध आणि सोबत घे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०२० मध्ये शेतीतल्या नॅनो उत्पादनांच्या तपासणीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्या सरांपुढे ठेव.

पोळ्याला येशील तेव्हा आराखड्याची प्रत घेऊन ये. मी गावातल्या फवारणाऱ्या चार-पाच जणांना शाळेच्या व्हरांड्यात बोलावते. त्यांना मराठीत समजावून सांग आणि ते काय विचारतात, ते वहीत उतरवून ने.

तुझी,
आई