ग्राफिंग कॅल्क्युलेटर घेण्याआधी लेकराचा पेपर कोणता ते बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लातूरच्या ट्यूशन एरियाला लागून माझं वह्या-पुस्तकांचं आणि स्टेशनरीचं दुकान आहे. जून लागला की उदगीर, अहमदपूर, देगलूर, किनवट, पार हिंगोलीकडून मायबाप लेकरांना घेऊन येतात. खोली बघतात, मेस लावतात, आणि क्लासनं दिलेली यादी घेऊन माझ्याकडं येतात. यंदा एका खासगी क्लासच्या यादीत लाँग बुक, लॉग टेबल, आलेखवही यांच्या खाली ‘ग्राफिंग कॅल्क्युलेटर’, म्हणजे समीकरण टाकलं की पडद्यावर त्याचा आलेख काढून दाखवणारा कॅल्क्युलेटर, असं छापलेलं होतं. जळकोटकडचे एक मामा ती यादी माझ्यापुढं ठेवून म्हणाले, “काकू, लेकराला लागतंय म्हणतेत, तर चांगलाच द्या. सोयाबीनचे पैसे हायेत.” मी मागवून दिला असता तर मला बरी कमाई झाली असती. मी तो दिला नाही. का दिला नाही, हे आपल्या पत्रातून इतर पालकांपर्यंत जावं म्हणून लिहिते आहे.

आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या गणिताची प्रश्नपत्रिका काढून बघा. सूचनांमध्येच छापलेलं असतं की लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही. आलेख कागदाचीही गरज नाही, आलेखाची कच्ची आकृती पुरे, असंही तिथंच असतं. जेईई मेन, नीट, एमएचटी-सीईटी यांच्या हॉलमध्ये कसलाच कॅल्क्युलेटर नेता येत नाही. पुढं पोरगं अभियांत्रिकीला गेलं, तर तिथं साधारणपणे नॉन-प्रोग्रॅमेबल सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालतो. ग्राफिंग कॅल्क्युलेटर प्रोग्रॅमेबल असतो, त्याच्यात आपले प्रोग्रॅम लिहून ठेवता येतात, म्हणजे तो त्याच नियमानं बाद. अभियांत्रिकीनंतरच्या एम.टेक. प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेला तर स्क्रीनवरच कॅल्क्युलेटर देतात. मग लातुरात अकरावीला आलेल्या लेकरानं हे महागडं यंत्र कोणत्या पेपरला न्यायचं?

ज्यांना ते खरोखर लागतं अशी मुलं आहेत. इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, म्हणजे आयबी या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाच्या गणिताला ग्राफिंग कॅल्क्युलेटर सक्तीचा आहे. अमेरिकेत शाळाशाळांतून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-84 वर्षानुवर्षं चालत आला आहे. पण तिकडं जाण्यासाठी जी एसएटी परीक्षा देतात ती आता संगणकावर होते आणि तिच्यात डेसमॉस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर आतच दिलेला असतो. आपल्याकडच्या मुलांना कॉलेजच्या पहिल्या वर्षी कॅसिओचा एफएक्स-991 सीरिजमधला एखादा सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेऊन द्यावा, चार वर्षं निघतात. त्यातल्या क्लासविझ मॉडेलवर समीकरण टाकलं की क्यूआर कोड उमटतो, तो मोबाइलनं स्कॅन केला की आलेख फोनवर दिसतो. दुकानात मी हे करून दाखवते तेव्हा बापाच्या चेहऱ्यावरचा निम्मा ताण उतरतो.

मुलांचं म्हणणं मात्र वेगळं असतं, आणि तेही ऐकण्यासारखं आहे. बाप बाजूला झाला की पोरगं हळूच विचारतं, “काकू, त्याच्यात गेम चालतेत का?” बहुतेक मोठी माणसं इथं रागावतात. मला राग येत नाही. मी गणितात बी.एस्सी. केलेलं आहे, आणि ज्या पोराला कॅल्क्युलेटरवर गेम खेळायचा आहे, त्याला तो कसा बनतो हे दाखवलं तर त्याच्याइतकं मन लावून गणित कोणी करत नाही, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या भाच्याला त्याच्या अमेरिकेतल्या चुलत्यानं वापरलेला टीआय-84 प्लस दिला. जुनं मॉडेल, काळा-पांढरा पडदा, आडवे 96 आणि उभे 64 ठिपके. सुट्टीत तो माझ्याकडं असताना गल्लीतली नववी-दहावीची पोरं त्याच्याभोवती जमायची. त्यांनी आधी एक चांदणी (*) पडद्यावर फिरवायचा प्रोग्रॅम लिहिला. त्या यंत्राच्या लिहायच्या पडद्यावर आठ ओळी असतात आणि एका ओळीत सोळा अक्षरं मावतात. ओळींची मोजणी वरून खाली होते, म्हणजे वरचा बाण दाबला की ओळीच्या क्रमांकातून एक वजा करायचा. दहावीच्या आलेखात मात्र वर जाणं म्हणजे अधिक. पोरांची चांदणी उलटीच पळायला लागली. त्यावर त्यांचं भांडण झालं आणि भांडता भांडता निर्देशक पद्धती अशी पक्की झाली की नंतर चारही चरणांतली चिन्हं कोणी चुकलं नाही. चांदणी कडेला आदळून परत फिरवायची तर वेगाचं चिन्ह बदलायचं, हेही त्यांचं त्यांनीच शोधलं. पुढं सापाचा गेम आला. साप म्हणजे निर्देशकांची यादी. डोक्याकडं एक जोडी वाढवायची आणि शेपटाकडची एक काढायची. खाऊ कुठं ठेवायचा ते यादृच्छिक संख्येनं ठरवायचं. बारा-पंधरा ओळींत मावत नाही म्हणून ती पोरं प्रोग्रॅम आखूड कसा करायचा यावर डोकं खाजवत बसायची. हातात मोबाइल असताना मी त्यांना इतकं एकाग्र कधी पाहिलं नव्हतं.

आलेखाच्या बाबतीतही त्या पडद्यानं मला जे दाखवलं ते फळ्यावर कधी दिसलं नव्हतं. दोन्ही अक्ष उणे दहा ते दहा ठेवून वाय बरोबर एक्स वर्ग अधिक पन्नास टाका, पडदा कोराच राहतो. पोरं म्हणतात बिघडला. बिघडलेला नसतो, वक्र पडद्याच्या वर निघून गेलेला असतो. मग किती ते किती बघायचं हे आपण ठरवायचं असतं, आणि त्यासाठी आधी फलाची किमान किंमत डोक्यात यावी लागते. वर्तुळाचं समीकरण टाकलं तर अंड्यासारखं दिसतं, कारण पडदा रुंदीला जास्त. दोन्ही अक्षांवर एककाची लांबी सारखी केली की ते गोल होतं. आलेखवहीत चौकोन आधीच सारखे छापलेले असतात, म्हणून हा प्रश्न आपल्या मुलांना पडतच नाही.

आता कोणाला घ्यायचाच असेल, परदेशी शिकायला जायचं असेल किंवा घरी ऐपत आणि हौस दोन्ही असेल, तर एवढं बघावं. टीआय-84 प्लस सीई रंगीत आहे, चार्ज होतो, पण कंपनीनं 2020 मध्ये त्याच्या सॉफ्टवेअरमधून असेंब्ली आणि सी भाषेतल्या प्रोग्रॅमची सोय काढून टाकली. चांगले वेगवान गेम याच भाषांत लिहिलेले असतात. गेमसाठी जुना सीई घेत असाल तर त्यातलं सॉफ्टवेअर कोणत्या आवृत्तीचं आहे ते आधी विचारा. बेसिक नावाच्या सोप्या भाषेतले गेम मात्र चालतात. कॅसिओच्या एफएक्स-सीजी50 या ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्ये पायथॉन भाषेत प्रोग्रॅम लिहिता येतात आणि त्याला चार बारीक ट्रिपल ए सेल लागतात. आमच्या भागातल्या लोडशेडिंगचा विचार केला तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळणारे सेल ही मला मोठी सोय वाटते. आयबीसाठी घेणाऱ्यांनी शाळेची परवानगी असलेली यादी आधी हातात घ्यावी, कारण बीजगणित स्वतः सोडवून देणारी काही मॉडेल परीक्षेला चालत नाहीत. सेकंडहँड घेताना सेलचा कप्पा उघडून गंज चढला आहे का ते बघावं, सगळी बटणं एकदा दाबून पाहावीत, आणि पडद्यावर ठिपक्यांच्या उभ्या रांगा गायब झालेल्या नाहीत ना याची खात्री करावी.

बाकीच्यांसाठी जिओजेब्रा हे आलेख काढायचं मोबाइल अ‍ॅप आहे. फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की नेटशिवायही चालतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात त्याचे धडे आहेत. मात्र ते फोनवर असतं आणि त्याच फोनवर रील्स असतात. कॅल्क्युलेटरवर नोटिफिकेशन येत नाही, म्हणून तर मला वाटतं की तो पोरांच्या हातात पडायला हवा. पण तो प्रत्येक बापाच्या खिशातून यायला नको.

म्हणून माझं मागणं शाळांकडं आहे. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे हातानं वस्तू बनवून शिकायच्या प्रयोगशाळा, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहेत, एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं, आणि आपल्या भागातल्याही काही शाळांत त्या आहेत. तिथं थ्री-डी प्रिंटर असतो, प्रोग्रॅम करता येणारा अर्डुइनो हा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. त्यांच्या शेजारी चार-पाच ग्राफिंग कॅल्क्युलेटर ठेवले तर फार मोठा खर्च नाही. शनिवारी शेवटचे दोन तास पोरांना ते द्यावेत, गेम बनवू द्यावेत, आणि गणिताच्या सरांनी नाहीतर मॅडमनी शेजारी बसून विचारावं, हा ठिपका इथंच का वळला? जिथं अशी लॅब नाही तिथं तालुक्याच्या वाचनालयानं दोन यंत्रं नोंदवहीवर सही घेऊन घरी न्यायला द्यायला हरकत नसावी. परदेशी शिकून आलेल्यांच्या कपाटात ती पडून आहेत. कोणाला द्यायची असतील तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, सोबत सेल आणि डेटा केबल द्यायला विसरू नका.

आणि क्लासचालकांना विनंती, पुढच्या जूनच्या यादीतून ती ओळ काढा. कोणत्या पेपरसाठी लागतो हे लिहिता येत असेल तरच ठेवा.

आपली,
एक स्टेशनरी दुकानदार, लातूर